पहिला गिअर आणि रिव्हर्स

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत, माझ्या पार्किंगमध्ये भलत्याच कुणी लावलेल्या स्कूटरवरून गार्डशी भांडत होतो. फोन श्रीकांतरावांचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा. "अविनाश, नंदाला अटॅक आला... हॉस्पिटलात पोचेपर्यंतच... तू ये." गार्डवरचा राग अजून तोंडात तसाच होता, तो मी त्यांच्यावर काढला. "आणि मला आत्ता सांगताय?" म्हणून ओरडलो. बिचाऱ्यांनी पहिला फोन मलाच केला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण तो राग उतरायचं नाव घेत नाही, नुसता एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो. त्या दिवशी फरीदाबादला ताईच्या घरी पोचलो तर ती हॉलमध्ये, जमिनीवर, आपल्या नेहमीच्या निळ्या साडीत. शेजारणी भोवती बसलेल्या. तेवढ्यात तिच्या दिराने, प्रमोदरावांनी, माझा कोपर धरून मला व्हरांड्यात नेलं. मला वाटलं गुरुजींचं काही, गाडी सांगायचं काही. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अवी, ते जरा... वहिनी चावी कुठे ठेवायच्या रे? गाडीची?"

मृत माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी लिहिणारच आहे. पण जिवंत माणसांना तशी सवलत दिल्याचं कुठे माझ्या वाचनात नाही.

आम्ही दोघं बहीण-भाऊ दिल्लीतच वाढलो, सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि शाळेत दोन्हीची खिचडी. नंदाताई माझ्याहून मोठी, बुटकी, जाड वेणीची, आणि हाताला येईल ती वस्तू उघडणारी. घरातलं गजराचं घड्याळ, शिलाई मशीन, शेजारच्या सरदारजींचा पंखा. उघडायची आणि परत जोडायची, आणि जोडल्यावर एकही स्क्रू उरायचा नाही. माझं उलट होतं. आजही मी टॉर्चमध्ये सेल घालतो ते उलटेच घालतो, आणि मग टॉर्च खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. ताईने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. तिच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली तेव्हा बाबांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. आणि तिथे तिला काय दिलं? टेबल. लेथ मशीन विकत घ्यायच्या फायली, लेथ मशीन दुरुस्तीच्या फायली, लेथ मशीन निकामी ठरवायच्या फायली. शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांपाशी, जायचं म्हटलं की साहेब म्हणायचे, "मॅडम, वहाँ बहुत ग्रीस है." निवृत्त होईपर्यंत ती यंत्रांच्या नावांवर सह्या करत राहिली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही... म्हणून मला ती करावीशी वाटते.

आता गाडी. तिची कंपनी कोणती हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर जुन्या गाड्यांचे शौकीन मला पत्रं पाठवतील, आणि मला उत्तर देता येणार नाही. इंग्लिश बनावटीची, उघड्या टपाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. ताईचे सासरे नाना फरीदाबादच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. त्यांनी ती परदेशी परतणाऱ्या एका वकिलातीच्या माणसाकडून घेतली. काही वर्षं ते रविवारी बडखल तलावापर्यंत फेरी मारून यायचे, शेजारच्या सीटवर कुणालाही न बसवता. मग वय झालं, गाडी घरामागच्या गॅरेजात गेली, गॅरेजचा पत्रा सडला, गळू लागला, आणि कुणीच लक्ष दिलं नाही. नाना गेले त्या वर्षी ताई निवृत्त झाली. दिवस झाल्यावर प्रमोदराव गॅरेजात गेले, टायरवर एक लाथ मारली आणि जाहीर केलं की भंगारवाला बोलवू.

"मी बघते," ताई म्हणाली.

"काय बघता वहिनी? इंजिन सीझ झालंय. आतून गंजून जाम. कुकरची शिटी नाही ती, टाचणीने साफ करायला."

"शिटी तरी तू कधी साफ केलीस, प्रमोद?"

माई, म्हणजे तिच्या सासूबाई, पदराआड हसल्या. श्रीकांतराव पेपर वाचत होते. श्रीकांतरावांचं हे लक्षात ठेवायला हवं की ते नेहमी पेपर वाचत असत. वाईट माणूस मुळीच नाही, आवाज चढवून बोललेला मी ऐकला नाही. पण घरात दोन माणसं समोरासमोर आली की त्यांच्या चेहऱ्यापुढे पेपर यायचा, आणि त्या पेपराचा राग मला प्रमोदरावांच्या लाथेपेक्षा जास्त आहे.

इंजिन सोडवायचं म्हणजे काय, हे मला ताईने ज्या पद्धतीने समजावलं त्याच पद्धतीने सांगतो, कारण दुसरी मला येत नाही. इंजिनात चार नळकांडी. प्रत्येकात एक दट्ट्या वर-खाली होतो. पाणी शिरलं, वर्षानुवर्षं हललं नाही, की दट्ट्या आणि नळकांडं गंजाने एकमेकांना चिकटतात. "भांडण झालेल्या सख्ख्या भावांसारखे," ती म्हणाली. "जोर लावलास तर दोघंही मोडतात." तिने वरचे चार प्लग काढले, भोकांतून टॉर्च मारून पाहिलं. दोन नळकांडी बरी होती, दोन तांबूस. मग डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण केलं, भोकांतून आत ओतलं, आणि गॅरेजला कडी लावून आली. "आता?" मी विचारलं. "आता वाट बघायची. तेल उतरलं की परत भरायचं." मी म्हटलं, "एवढंच? एवढं तर मला पण आलं असतं." ती म्हणाली, "हो, वाट बघायला तुला येतं."

पुढे जे घडलं ते आमच्याच लोकांत घडू शकतं. ताईला एका लग्नासाठी पुण्याला जावं लागलं. जाताना ती माईंना सांगून गेली की गाडीच्या डोक्यात तेल भरलंय, त्याला कुणी हात लावू नका. पण माई हात न लावता कशा राहतील? डोक्यात तेल भरायचं म्हणजे माईंच्या दृष्टीने एकच गोष्ट होती. त्यांनी दोन मुलगे आणि शेजारपाजारची कितीतरी पोरं टाळू भरून वाढवली होती. सून बाहेरगावी, डोकं कोरडं पडलं तर? रोज सकाळी अंघोळ झाली की माई वाटीत खोबरेल कोमट करून गॅरेजात जायच्या, बोनेट श्रीकांतरावांकडून उघडून घ्यायच्या, आणि चारही भोकांत चमच्या-चमच्याने तेल सोडायच्या. श्रीकांतरावांनी हे थांबवलं का? त्यांनी बोनेट धरलं. आता खोबरेल पुण्यात जसं वागतं तसं फरीदाबादच्या डिसेंबरात वागत नाही. इथे ते बाटलीतसुद्धा दगड होतं. ताई परत आली, टॉर्च लावली, तर चारही नळकांड्यांत पांढरंशुभ्र, घट्ट, वड्या पाडाव्यात असं.

मी तिथेच होतो. मला वाटलं आता ही किंचाळेल. तिने टॉर्च विझवली. मग गॅरेजच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माई," तिने हाक मारली, "बाळाच्या अंगाला पण लावलंत का?"

"वेखंड लावायचं राहिलं," माई म्हणाल्या. त्यांना विनोद कळला नव्हता, की पुरता कळला होता, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

ते खोबरेल वितळवायला घरातल्या झाडून सगळ्या शेकायच्या पिशव्या इंजिनावर मांडल्या गेल्या. वर रजई. न्यूमोनिया झाल्यासारखी गाडी पडून होती. वितळलं की ताई पिचकारीने ओढून काढायची, परत आपलं मिश्रण घालायची. त्या शेकण्याने आणि रात्रीच्या गारठ्याने लोखंड फुगलं-आकसलं, त्याने गंज ढिला व्हायला मदत झाली असावी, असं तीच पुढे म्हणायची. माई मात्र अखेरपर्यंत सांगत राहिल्या, "माझ्या खोबरेलानं सुटलं." आणि ताई त्यांना दुजोरा द्यायची. श्रेय वाटायला तिला कधी त्रास झाला नाही. म्हणूनच लोकांनी ते उचलून नेलं.

त्याच सुमारास प्रमोदरावांचा तो रविवार आला. ताई भाजी आणायला गेली होती. मी द्वारकेहून आलो होतो, व्हरांड्यात चहा पीत होतो. प्रमोदराव एका मित्राला त्याच्या जीपसकट घेऊन आले, गॅरेजमधून गाडी अंगणात ढकलून काढली, पुढे दोर बांधला. योजना अशी की जीपने ओढायची, तिसरा गिअर टाकायचा, एक झटका, इंजिन मोकळं. मी म्हटलं, "ताईला येऊ द्या." श्रीकांतराव पेपराआडून म्हणाले, "हो, नंदाला येऊ दे." एवढं बोलून आम्ही दोघं शूर पुरुष बसून राहिलो. जीप सुरू झाली, दोर ताणला जायला लागला, आणि फाटकातून ताई आली. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. ती धावली नाही. चालत आली आणि दोरावर उभी राहिली. दोन्ही पायांनी.

"दोर सोड."

"वहिनी, बाजूला व्हा, लागेल. एक झटका दिला की..."

"एक झटका दिला की दट्ट्यावरच्या रिंगा तुटतील आणि दट्ट्याला भेग जाईल. दोर सोड, प्रमोद. नाहीतर मला ओढत ने."

मित्राने जीप बंद केली. प्रमोदराव हसत हसत म्हणाले, "बाप रे, वहिनी म्हणजे अगदी झाशीची राणी," आणि मित्राला डोळा मारला. तो डोळा मारणं मी विसरलेलो नाही. ताईने पिशव्या खाली ठेवल्या, स्वतः गाठ सोडली, दोराची नीट गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. आत जाताना मला म्हणाली, "अव्या, मुळा निवडायला घे. बसलाच आहेस."

इंजिन सुटलं ते संक्रांतीच्या जरा आधी. पुढच्या चाकावर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या पुलीवर, तिने नेलपॉलिशने एक रेघ ओढली होती आणि तिच्यासमोर बॉडीवर दुसरी. रोज मोठा पाना लावून थोडं इकडे, थोडं तिकडे, जोर न करता हलवून बघायची. रोज रेघ रेघेसमोर. त्या दिवशी तिने मला हाक मारली. "बघ." मी पाहिलं. "काय बघू?" "रेघ." दोन रेघांमध्ये एका केसाचं अंतर पडलं होतं. मी म्हटलं, "हे तर तुझा हात हलला असेल." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन सगळ्यांना सांगून आलो. मग त्या एका केसाचे दोन झाले, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि एके दुपारी पुली पूर्ण फिरली. प्लगांच्या भोकांतून तपकिरी तेलाची पिचकारी उडाली, ती थेट माझ्या नव्या स्वेटरवर. तो स्वेटर मी फेकला नाही. त्याला अजून खोबऱ्याचा वास येतो असं आमची ही म्हणते.

सुटलं म्हणजे झालं नव्हतं. आता सगळं उघडायचं होतं. वरचं डोकं काढलं, खालचं चेंबर काढलं, दट्ट्ये लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून बाहेर काढले. रिंगा खाचांत रुतलेल्या, नळकांड्यांना आतून खड्डे. नळकांडी थोडी मोठी करून घ्यायची आणि त्या मापाचे दट्ट्ये आणायचे, म्हणून आम्ही करोल बागेत गेलो. जुन्या पार्ट्सच्या दुकानांच्या त्या गल्लीत ती मला मुद्दाम घेऊन जायची. "तू फक्त उभा राहा," म्हणायची. मला ते पहिल्यांदा समजलं नाही, दुकानात गेल्यावर समजलं. ताई विचारायची, दुकानदार उत्तर मला द्यायचा.

"ओवरसाइज़ में कौन सा चाहिए, भाईसाहब?"

मी ताईकडे बघायचो. ताई साइज सांगायची. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "वो तो मिल जाएगा, पर पिन अलग से लेनी पड़ेगी, भाईसाहब." मी शेवटी वैतागून म्हटलं, "भैया, मैं तो झोला पकड़ने आया हूँ. इंजिनियर ये हैं." तो गालात हसला. शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "देखो, असली कारीगर कभी अपने मुँह से नहीं बोलता." आणि मला चहा मागवला. ताईला नाही, मला. बाहेर आल्यावर मी संतापून लाल, आणि ती पुडकं पिशवीत ठेवत शांतपणे म्हणाली, "चहा तरी चांगला होता का रे?"

पुढची जुळणी तिने जवळजवळ वर्षभर केली. नळकांडी बोअर करणं, शाफ्ट घासणं ही मोठी कामं फरीदाबादच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली, बाकी सगळं स्वतः. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, बसवताना तर मजा होती. काठीच्या टोकाला रबरी चकती, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली घासायची पेस्ट, आणि दोन्ही तळव्यांमध्ये काठी रवीसारखी फिरवायची. माई खुर्ची टाकून समोर बसायच्या. "लोणी आलं का गं?" विचारायच्या. "अजून नाही, माई." आठही व्हॉल्व्ह तिने असेच घुसळले. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. नोकरीची सगळी वर्षं तिच्या नखांत शाईसुद्धा नसायची, आता काळी ग्रीस असायची आणि ती नखं ती काही लपवायची नाही. हळदीकुंकवालाही तशीच.

गाडी सुरू झाली तेव्हा अंगणात आम्ही सगळे होतो. दोनदा नुसती घरघरली, तिसऱ्यांदा धूर सोडून जी लागली ती लागली. माईंनी दृष्ट काढली. श्रीकांतरावांनी पेपर खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. आणि प्रमोदराव, जे नेमके त्या दिवशी आले होते, म्हणाले, "वा! नानांची गाडी! शेवटी वडिलोपार्जित वस्तू ती वडिलोपार्जितच."

भंगाराची वडिलोपार्जित वस्तू व्हायला एक सेल्फ मारायचा अवकाश होता.

इथून पुढचं लिहिताना माझा हात जड होतो. गाडी अजून नानांच्याच नावावर. आमच्या या भागात पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर दिसली तर उचलून भंगारात जाऊ शकते. जपलेल्या जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, पण त्यासाठी आधी ती कुण्या जिवंत माणसाच्या, म्हणजे श्रीकांतरावांच्या, नावावर हवी, आणि त्याला सगळ्या वारसांची ना-हरकत हवी. माईंनी लगेच सही केली. श्रीकांतरावांनी केली. राहिले प्रमोदराव. "करू की वहिनी, सही काय पळून जातेय?" मग मुलीची परीक्षा, मग त्यांची बदली, मग "एकदा बसून सगळंच नीट ठरवू, घाई कशाला?" त्यांनी नाही कधीच म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर ताईने भांडण केलं असतं, तिला ते यायचं. पण हसून टाळणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? माई गेल्या. सही तशीच राहिली. मी श्रीकांतरावांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना भावाला." ते म्हणाले, "मी बोललो होतो. तो म्हणाला करतो."

ताई दर रविवारी गाडी काढायची. गॅरेजमधून फाटकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, फाटकापासून गॅरेजपर्यंत रिव्हर्समध्ये. जायचं आणि यायचं, बस. गिअरबॉक्सही तिनेच उघडून धुऊन बसवली होती. दुसरा, तिसरा, चौथा, तिन्ही गिअर तिने हाताने तपासले होते, पण चालत्या गाडीत ते कधी पडले नाहीत. मी तिला कितीदा म्हटलं, "सकाळी सकाळी एक चक्कर मारून ये गं. कोण बघतंय?" ती फाटकाशी ब्रेक लावून बाहेरच्या रस्त्याकडे बघायची. "कागद नसताना? अव्या, मी सरकारी नोकरी केली आहे. आणि धरली तर माझ्या हाताने बांधलेलं इंजिन क्रशरमध्ये जाईल." मग मागे वळून बघत रिव्हर्स टाकायची. रस्ता हातभर पुढे असायचा. मला तेव्हा चीड यायची ती तिच्या प्रामाणिकपणाची. आता कळतं, चीड चुकीच्या पत्त्यावर जात होती.

तर त्या चावीवर येतो. मी प्रमोदरावांना म्हटलं, "मला माहीत नाही." मला माहीत होतं. तेराव्याला, गोडाच्या जेवणाच्या पंगतीत, त्यांनी लोकांना सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, "नानांची गाडी आम्ही चालू केली ना. वहिनींना पण फार हौस होती." हौस! आणि पुढच्याच आठवड्यात ते आले, सोबत गुडगावचा एक गिऱ्हाईक आणि हातात ना-हरकतीचा कागद. सही केलेला. ठसठशीत, निळ्या शाईची. जी सही इतकी वर्षं सापडत नव्हती ती तेराव्यानंतर आपल्या पायांनी चालत आली होती, कारण गाडी श्रीकांतरावांच्या नावावर झाल्याशिवाय विकता येणार नव्हती. "वहिनींची आठवण चांगल्या घरी जाईल," प्रमोदराव म्हणाले, आणि कागद श्रीकांतरावांच्या हातात दिला.

गिऱ्हाईक सभ्य माणूस होता. बोनेट उघडून वाकून पाहत होता, शिट्टी वाजवत होता. "इंजन किसने बनाया है?" त्याने विचारलं. विचारलं अर्थातच मला.

मी तोंड उघडायच्या आत प्रमोदराव म्हणाले, "ओरिजिनल ही है जी, पिताजी के टाइम का. बस थोड़ा खुलवाया था हमने."

मग मी जे बोललो ते कुटुंबाच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. काही मराठीत होतं, काही हिंदीत, आणि दिल्लीत वाढलेल्या माणसाला हिंदीत जे येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खोबरेल, दोर, जीप, मुळा, सगळं एकात एक. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकला. आणि मध्येच श्रीकांतराव बोलले. हळूच, नेहमीसारखे.

"इंजन मेरी बीवी ने बनाया है. अकेले. मैं अंदर बैठके अख़बार पढ़ रहा था."

 त्यांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. "प्रमोद, सही केलीस, बरं केलंस. आता मी गाडी नावावर करून घेईन. पण विकायची नाही."

"दादा, अरे तुला क्लच कुठला, ब्रेक कुठला, हे तरी ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग?"

"शिकेन."

प्रमोदराव हसले, या वेळी डोळा मारायला मित्र नव्हता. गिऱ्हाईकाला घेऊन गेले. तुम्हाला वाटेल, माझा राग इथे शांत झाला असेल. अजिबात नाही. फाटक लागल्याबरोबर मी श्रीकांतरावांवर उलटलो. म्हटलं, हे वाक्य तुम्हाला आज सुचलं? ती असताना एकदा, एकदाच, पेपर बाजूला ठेवून भावाच्या घरी गेला असतात, सही घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसला असतात, तर ती बडखलपर्यंत गेली असती. चौथ्या गिअरमध्ये. ते म्हणाले, "बरोबर आहे."   असल्या माणसाशी भांडणार तरी काय, सांगा. मी रागाच्या भरात निघून आलो आणि चुकीच्या दिशेच्या मेट्रोत बसून दोन स्टेशनं उलटा गेलो.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला, ये म्हणून. गेलो. गॅरेजचं दार सताड उघडं, गाडी झाडून-पुसून ठेवलेली, आणि श्रीकांतराव गाडीत बसायचा प्रयत्न करत होते. श्रीकांतराव चांगले उंच आहेत. ताई बुटकी. तिचे पाय पोचेनात म्हणून तिने ड्रायव्हरची सीट पार पुढे आणून, खाली सागवानाचे ठोकळे देऊन बोल्टाने पक्की केली होती. त्या जागेत श्रीकांतराव म्हणजे उंटाला पोरांच्या तीनचाकीवर बसवावं तसे. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, मान काचेच्या चौकटीवर.

मी म्हटलं, "थांबा, सीट मागे घेऊ. पाना आणतो." कोणता पाना, ते मला अर्थातच माहीत नव्हतं.

"नको."

"अहो, क्लच कसा दाबणार असे?"

 त्यांनी डावा पाय कसाबसा आत ओढला, गुडघा स्टिअरिंगवर आपटला, तो आवाज मला बाहेर ऐकू आला. पाय तिरका करून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आपटला.

"ही तिच्या मापाची आहे," ते म्हणाले. "हिला हात लावायचा नाही."

"गुडघ्याला लागेल, श्रीकांतराव."

"लागू दे," ते म्हणाले, आणि क्लच दाबला.